बिल्ल्यावरचं गाव

ॲबर्डीन, स्कॉटलंड, रविवार दुपार

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगायला घेतलं होतं, पण आईने मध्येच "जेवलीस का" विचारलं आणि विषय इथे मिळणाऱ्या कणकेवर गेला तो गेलाच. म्हणून पत्र. आई, तूच मोठ्याने वाच. बाबांचा चष्मा सापडेपर्यंत चहा गार होईल.

बाबा, काल मी तुमच्या कंपनीच्या गावाला जाऊन आले.

थट्टा नाही. तुमच्या निळ्या शर्टाच्या खिशावरचा तो बिल्ला आठवा. वर तुमचं नाव, खाली ‘युरेका फोर्ब्स’. सकाळी आई टाय नीट करायची आणि तुम्ही स्कूटरच्या पायाशी व्हॅक्यूम क्लीनरचा खोका ठेवून निघायचात. मी पाचवीत असेन. एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते जरा गप्पच. कॉलेज रोडवरच्या एका निवृत्त मास्तरांकडे डेमो होता. गादीवरून नळी फिरवून झाली, पांढऱ्या फडक्यावर धुळीचा काळा गोल उमटला, त्यांच्या बायकोने नेहमीप्रमाणे तोंडावर हात ठेवला, आणि मास्तरांनी विचारलं, "सगळं ठीक. पण फोर्ब्स म्हणजे काय हो? माणूस, गाव, की देवाचं नाव?" तुम्ही आईला म्हणालात, "यंत्राचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ आहे, आणि नावाचं विचारलं तर दातखीळ बसली. ‘होता एक साहेब’ म्हणून सुटलो." मशीन त्यांनी घेतलं की नाही ते मला आठवत नाही. प्रश्न मात्र लक्षात राहिला.

तर मास्तरांना सांगा, तिन्ही. म्हणजे आधी गाव, मग माणूस. आणि देवाचं म्हणाल तर एक अस्वल आहे, त्याचं पुढे सांगते.

झालं असं की आमच्या वॉर्डात एक वयस्क नर्स आहे, तिचं आडनाव फोर्ब्स. पहिल्या दिवशी तिचा बिल्ला वाचून मला एकदम हसू फुटलं. ती बिचारी गोंधळली. मी म्हटलं, "माझे बाबा तुमचं नाव छातीवर लावून वर्षानुवर्षं गावभर फिरले." तिला हे इतकं आवडलं की तिने ते वॉर्डभर केलं. तिच्या मते आपण दोघी आता लांबच्या नातेवाईक. तिनेच काल मला तिच्या गाडीतून नेलं. ती म्हणते, हल्ली सगळे ‘फोर्ब्स’ म्हणतात, पण तिची आजी दोन तुकड्यांत म्हणायची: फॉर-बेस. जुना उच्चार तोच.

ॲबर्डीनपासून पश्चिमेला निघालं की डॉन नदीचं खोरं लागतं. शहर सगळं करड्या ग्रॅनाइटचं. ऊन पडलं तर चमकतं, पण ते पडायला हवं. बाहेर पडल्यावर मात्र ऑगस्टात डोंगर जांभळे असतात, हेदर नावाचं खुरटं झुडूप फुललेलं असतं. वाटेत एक गाव लागतं, त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘ल’ आहे. मी आपलं ‘आल्फर्ड’ म्हटलं तर गाडीत हशा. म्हणायचं ‘आफर्ड’. इथल्या लोकांची बोली इंग्रजीपेक्षा निराळी, तिला डॉरिक म्हणतात. कशी आहेस विचारायचं तर ‘फिट लाइक’, आणि मुलीला म्हणतात ‘क्वाइन’. पहिले दोन महिने मी रुग्णांना नुसती मान डोलवत होते.

या आफर्डच्या आसपासच फोर्ब्स नावाची मूळ जमीन. १२७१-७२च्या सुमारास स्कॉटलंडच्या राजाने, तिसऱ्या अलेक्झांडरने, डंकन नावाच्या माणसाला तिची सनद दिली. तो झाला ‘डंकन द फोर्ब्स’, म्हणजे फोर्ब्सचा डंकन. बाबा, आपल्याकडे याला काही समजावून सांगावंच लागत नाही. किर्लोस गावचे ते किर्लोस्कर, आणि त्यांचा पंप घेताना कोणी विचारत नाही की किर्लोस कुठे आहे. इथेही तसंच. फोर्ब्स या नावाचा पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा परिसर, १८०८ साली शेजारच्या टलिनेसलला जोडून टाकला. नदीकाठी कॅसल फोर्ब्स उभा आहे, पण गाव म्हणून उतरून फिरावं असं तिथे फारसं काही नाही. गावापेक्षा आडनावच जास्त फिरलं.

अर्थ? जाणकार म्हणतात, गेलिक भाषेत शेतजमिनीसाठी एक शब्द होता, त्यावरून आलं. पण लोकांना असला कोरडा अर्थ पुरतो थोडाच. गोष्ट अशी की या भागात एक अस्वल माजलं होतं आणि त्याने नऊ मुलींना मारलं. तिथल्या एका झऱ्याला अजून नऊ कुमारिकांचं नाव आहे. त्या मुलींपैकी एकीचं नाव बेस. तिच्यावर जीव असलेल्या तरुणाने अस्वलाला गाठून मारलं, आणि इंग्रजीत ‘फॉर बेस’ म्हणजे ‘बेससाठी’. झालं नाव! म्हणून या घराण्याच्या ढालीवर मुसकी बांधलेली अस्वलाची तीन तोंडं असतात. मी हे ऐकून मैत्रिणीला, म्हणजे त्या नर्सला, म्हटलं, आमच्या गावाचं याहून वाईट आहे, तिथे लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक. आमच्यातही शहाणे लोक सांगतात की नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून ते नाव. तिने थोडा विचार करून विचारलं, "मग तुम्ही कुठलं मानता?" मी म्हटलं, पाहुण्यांना नाकाचं सांगतो.

पण बाबा, तुमच्या बिल्ल्यावरचा फोर्ब्स या डंकनचा थेट वारस वगैरे नव्हे. फोर्ब्स म्हणजे मोठं कूळ, फांद्या पुष्कळ. तुमचा माणूस आला तो आणखी वर, डॉनच्या उगमाकडच्या स्ट्रॅथडॉन खोऱ्यातल्या बेलाबेग या खेड्यातून. जॉन फोर्ब्स, जन्म १७४३. मुंबईला आला आणि १७६७ मध्ये त्याने पेढी काढली. म्हणजे चोविसाव्या वर्षी. पुण्यात तेव्हा थोरले माधवराव होते. मुख्य धंदा कापसाचा आणि जहाजांचा. मुंबईहून कापूस चीनला जायचा. माणूस इतका कमावून परत आला की गावाने त्याला नावच दिलं: ‘बॉम्बे जॉक’. जॉक म्हणजे जॉनचं घरगुती रूप. आपल्याकडे कसं, अमेरिकेहून आलेला पक्या जन्मभर ‘अमेरिकेचा पक्या’ राहतो.

जॉकने गावाकडे जमिनी घेतल्या. त्यातली मुख्य न्याऊ. लिहिताना ते ‘नेवे’ वाचावं असं लिहितात आणि म्हणतात न्याऊ. (आई, हस.) स्वतःची माणसं सातासमुद्रापार गेली, पैसा केला आणि गावातच जमीन घेतली; हे वाचून मला आपल्या आबाकाकांची आठवण झाली. फक्त आबाकाकांनी दीड एकर घेतली आणि याने खोरं.

जॉन १८२१ मध्ये वारला आणि सगळं गेलं चार्ल्स फोर्ब्सकडे, तो नात्याने पुतण्या. हा चार्ल्ससुद्धा मुंबईच्या पेढीत मुरलेला. परत जाऊन वीस वर्षं पार्लमेंटात बसला, १८२३ मध्ये सर झाला. त्याने न्याऊला भला थोरला वाडा बांधला, १८३१ मध्ये, ॲबर्डीनच्याच आर्किबल्ड सिम्पसन या वास्तुविशारदाकडून. तो पाहायचा म्हणून मी उत्साहाने गेले तर वाडा नाही! १९२७ मध्ये पाडला. त्याचे दगड ॲबर्डीन विद्यापीठाच्या एल्फिन्स्टन हॉलला लावले असं इथले लोक सांगतात. एल्फिन्स्टन म्हटल्यावर तुम्हाला परळचं स्टेशन आठवलं असेल, पण तो हा नाही. हा पंधराव्या शतकातला बिशप, विद्यापीठ काढणारा. इथे नावांचा असा गुंता आहे की मुंबईच्या लोकल नकाशावरून स्कॉटलंड शिकावं लागतं.

वाडा गेला, पण चार्ल्सचं एक काम अजून चालू आहे, आणि काल आम्ही गेलो ते त्याच्यासाठी. त्याच्या थोरल्या मुलाच्या एकविसाव्या वर्षाच्या आनंदात १८२३ साली लोनॅक नावाची एक मंडळी स्थापन झाली. लोनॅक ही तिथली टेकडी. उद्देश असे की डोंगरी लोकांचा पोशाख आणि गेलिक भाषा टिकावी आणि गरजूंना मदत व्हावी. दर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेलाबेगच्या मैदानावर त्यांची जत्रा भरते. मैदानाजवळ मातीचा एक प्रचंड उंचवटा आहे, बाराव्या शतकातल्या कोटाचा. त्यावर आता गवत आणि कोकरं.

जत्रेत ओंडका उभा फेकणं, घण फेकणं, डोंगरावर पळणं, बॅगपाइप, सगळं असतं, ते तुम्ही कुठेही पाहाल. खरं बघायचं ते संचलन. गावचे पुरुष किल्ट घालून, हातात भाले आणि लांब दांड्याच्या कुऱ्हाडी घेऊन सकाळीच निघतात आणि पाइपच्या तालावर सहाएक मैल चालत मैदानावर येतात. वाटेत ठरलेल्या घरांपुढे थांबायचं. घरमालक बाहेर येतो, ट्रे घेऊन. मला वाटलं, पालखीच्या वाटेवर असतं तसं चहापाणी. जवळ गेले तर व्हिस्की! सकाळी! प्रत्येक घरापुढे एकेक घोट, मग जयजयकार, मग पुढचं घर. आणि मिरवणुकीच्या मागे एक घोडागाडी चालते. मी विचारलं ही कशाला. मैत्रीण अगदी गंभीरपणे म्हणाली, "ज्यांना पुढे चालवणार नाही त्यांच्यासाठी." काल गाडीत कोणी चढताना मला दिसलं नाही, पण दोन-तीन जण तिच्याकडे आशेने बघत होते.

चालणाऱ्यांत फोर्ब्स असतात तसे गॉर्डनही असतात. याचं महत्त्व मला नंतर कळलं. ही दोन घराणी एकेकाळी एकमेकांच्या जिवावर उठलेली. १५७१ मध्ये याच खोऱ्यात, थोडं वर, कॉर्गार्फचा गढीवजा वाडा गॉर्डनच्या माणसांनी पेटवला. आत फोर्ब्सांची बायको मार्गारेट कॅम्पबेल होती, मुलंबाळं आणि नोकरमाणसं होती. सगळी जळाली. ती गढी अजून उभी आहे, पांढरी, एकटी. परतताना लांबून पाहिली, तेवढ्यात पाऊस आला आणि खरं सांगते, उतरावंसं वाटलं नाही.

संचलन पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करते. ढोल जवळ आला की माझं असंच होतं, गणपतीतही व्हायचं. पण मनात एक किडाही वळवळत होता. १७४६ नंतर सरकारने हा डोंगरी पोशाखच कायद्याने बंद केला होता, १७८२पर्यंत. तो पुन्हा थाटामाटाने बाहेर काढणारी जी माणसं, त्यातला एक हा चार्ल्स, आणि त्याच्या खिशातले पैसे मुंबईचे. ही सगळी ‘पूर्वापार’ परंपरा आपल्या कापसावर उभी राहिली असं मी मैत्रिणीला म्हटलं. ती म्हणाली, "शक्य आहे," आणि सँडविच पुढे केलं. आणखी एक सांगते, तेही तुम्हाला आवडणार नाही. मराठ्यांशी लढाया चालू होत्या त्या काळात इंग्रजांच्या मुंबई सरकारला ज्या खासगी पेढ्यांनी कर्जं दिली, त्यात फोर्ब्सची पेढी होती. म्हणजे बिल्ला लावून फिरायला हरकत नव्हती, पण मास्तरांना ‘होता एक साहेब’ सांगून तुम्ही सुटलात ते एका अर्थी बरंच झालं. मास्तर इतिहासाचे होते ना?

तरी हा चार्ल्स सरळ एका खणात बसत नाही. मुंबईच्या लोकांनी त्याच्यासाठी नऊ हजार पौंड वर्गणी जमवली आणि चँट्री या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी पुतळा करून घेतला. सरकारी नोकर नाही, लष्करातला नाही, अशा माणसाचा पुतळा भारतातल्या लोकांनी उभारण्याची ती पहिलीच वेळ. तो फोर्टातल्या टाऊन हॉलमध्ये आहे, म्हणजे एशियाटिकमध्ये. एल्फिन्स्टन आणि माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरांच्या जोडीला. बाबा, तुम्ही त्या पायऱ्यांवर बसून वडापाव खाल्लेला मला माहीत आहे, वर गेला नसाल. नाना शंकरशेटही तिथेच आहेत. आत्याकडे दादरला जाल तेव्हा एकदा जा. जाताना काळा घोड्यावरून जा, निळ्या सिनेगॉगच्या रस्त्याने. आज तो डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग, पूर्वीचा फोर्ब्स स्ट्रीट.

आता आई, जरा हळू वाच. चार्ल्स १८४९ मध्ये लंडनला वारला. त्याच्या चरित्रात लिहिलंय की त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक म्हणजे, भारतातल्या लोकांना वर्षाच्या बाराही महिने स्वच्छ, भरपूर पाणी मिळावं म्हणून त्याने फार मोठी रक्कम काढून ठेवली.

पाणी, बाबा. स्वच्छ पाणी.

मी हे वाचलं तेव्हा रात्रपाळी होती. वॉर्डात सगळे झोपलेले, आणि मला ओट्यावरचं आपलं ॲक्वागार्ड दिसायला लागलं, त्याचा लाल दिवा आणि भरताना येणारं ते गाणं. युरेका फोर्ब्सचं ॲक्वागार्ड बाजारात आलं १९८४ मध्ये. मध्ये एकशे पस्तीस वर्षं गेली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पेढी तोवर कितीतरी हातांतून गेली होती. मध्ये तिचं नाव ‘फोर्ब्स फोर्ब्स कॅम्पबेल’ होतं, जणू एकदा सांगून कोणाला पटणार नाही. मग ती टाटांकडे आली आणि १९८२ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सबरोबर भागीदारीत तुमची युरेका फोर्ब्स निघाली. इलेक्ट्रोलक्सकडे तेव्हा युरेका नावाचा अमेरिकन व्हॅक्यूम क्लीनरचा ब्रँडही होता. पुढे शापूरजी पालनजी, आणि २०२२ मध्ये युरेका फोर्ब्स एका परदेशी गुंतवणूक कंपनीकडे. स्ट्रॅथडॉनचा कोणी फोर्ब्स त्यात कुठे नाही. नुसतं नाव चालत आलं, तुमच्या खिशापर्यंत. तरी तो योगायोग मला त्या रात्री फार बरा वाटला, आणि अजून वाटतो.

हो, आणि श्रीमंतांच्या याद्या काढणारं ते फोर्ब्स मासिक वेगळं. तुम्ही सोसायटीत ‘आमच्याच कंपनीचं’ म्हणून ठोकून द्यायचात, ते आता बंद करा. ते काढणारा बी. सी. फोर्ब्स १८८० मध्ये जन्मला, तोही याच ॲबर्डीनशायरचा, पण उत्तरेकडच्या न्यू डिअर भागातला. त्याने १९१७ मध्ये न्यूयॉर्कला मासिक काढलं. मात्र एक आवडलं. तो दोन-दोन वर्षांनी गावी येऊन गावकऱ्यांना सहलीचं जेवण घालायचा. म्हणजे कंपनी वेगळी असली तरी खोड तीच: बाहेर कमवायचं आणि गावाला येऊन दाखवायचं. माझी मैत्रीण म्हणते ही खोड फक्त फोर्ब्सांची नाही.

संध्याकाळी परतताना ती बेलाबेगच्या पाटीपाशी थांबली आणि म्हणाली, उभी राहा, तुझ्या बाबांसाठी फोटो काढू. मी उभी राहिले, आणि अचानक वाटलं, हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवी होती. फोटो दादाला पाठवलाय, तो तुम्हाला मोठा करून दाखवेल. मागे जो भाला घेतलेला किल्टवाला हसतोय त्याला मी ओळखत नाही, तो आपणहून आला. त्याची पाच-सहा घरं झालेली असावीत.

तुमचा बिल्ला माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत असेल, जुन्या पावतीपुस्तकांखाली. दादाला काढायला लावा, तुम्ही स्टुलावर चढू नका. मैत्रिणीला तो बघायचाय. तिला मी सांगितलंय की त्यावर तिचं नाव तुमच्या नावाच्या खाली आहे.

आणि मास्तर आता नसतील, पण त्यांचा मुलगा त्याच घरात राहतो असं तुम्ही मागे म्हणाला होतात. दुधाला जाताना सहज हाक मारा. म्हणावं, तुमच्या वडिलांनी एक प्रश्न विचारला होता, उत्तराला जरा उशीर झाला. अस्वलापासून सुरुवात करा. ते सगळ्यांना आवडतं.

आई, फिल्टरचं सर्व्हिसिंग झालं का? मागच्या वेळी तू म्हणालीस पाण्याची धार बारीक येते. कॅन्डल बदलून घे, बाबा स्वतःच उघडून बसले असतील तर तसंही कळव.

तुमची धाकटी